‘राऊ’च्या वाड्यात एवढा झगमगाट कशाला?

माजघर:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमाने (२०१५) ‘राऊ’ला जी भव्यता दिली ती इनामदारांच्या मूळ कादंबरीत नव्हतीच. नव्हतीच, कारण तिची गरज नव्हती! ‘राऊ’ कोंडमाऱ्याची गोष्ट आहे. घरची माणसं, ब्रह्मवृंद, सोवळंओवळं, लावलेली दारं. पडद्यावर मात्र संपता संपत नाहीत असे दिवाणखाने. एवढ्या मोकळ्या जागेत मस्तानीची अडचण होते कुणाला? आणि छतभर तिची प्रतिबिंबं दाखवणारा तो आरसेमहाल जयपूरकडचा वाटतो, पुण्याचा नाही. केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आहे, तो बघून या. मग मापं कळतील.

फ्रेमवेडा:
शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला. तट, दरवाजे, जोती उरली. आतलं कसं होतं हे इतक्या खात्रीने कशावरून सांगता? आणि वाड्यात ‘जुना आरसेमहाल’ होता, त्याचं काय? मी लग्नांचं शूटिंग करतो. एकदा जुन्या वाड्यात काम केलं, काळवंडलेल्या सागवानाने सगळा उजेड गिळला. नवरीचा लालभडक शालू तपकिरी आला, शिवाय पैसे देताना घरच्यांची कुरकुर. कॅमेऱ्याला उजेड परतवणारं काहीतरी लागतंच हो.

माजघर:
आरसेमहाल होता, बरं. पण थोरल्या बाजीरावांच्या वेळचा? ते १७४०मध्ये गेले, वाड्यात त्यानंतरही बांधकामं होत राहिली. उजेडाचं म्हणाल तर दिग्दर्शक कुब्रिकने थॅकरेच्या कादंबरीवरच्या ‘बॅरी लिंडन’मधले (१९७५) रात्रीचे प्रसंग मेणबत्त्यांवर टिपले, नासासाठी बनवलेली झाइस कंपनीची लेन्स मिळवून. अंधार दाखवायची इच्छा लागते.

वाईची लेक:
आरसे राहू द्या. सिनेमातल्या ‘पिंगा’ गाण्यावर कुणी का बोलत नाही? पेशव्यांच्या घरची बाई आणि मस्तानी, दोघींना नऊवारी नेसवून एकत्र नाचवलं. त्यात ती नेसण! माझी आजी नऊवारी नेसून विहिरीत पोहायची, ओचा जागचा हलायचा नाही. आता मंगळागौरीला बायका शिवलेली नऊवारी पायात चढवून येतात. तिला साडी म्हणायचं?

ठाण्याची मावशी:
शिवलेलीला नावं ठेवू नका. आमचा ग्रुप मंगळागौरीचे कार्यक्रम करतो. झिम्मा, फुगड्या, पिंगा, सलग. स्टेजवर कासोटा सुटला तर तुम्ही धावत येणार आहात का?

वाईची लेक:
नेसता येत नाही म्हणून सुटतो!

ठाण्याची मावशी:
मग शिकवायला कोण होतं? माझी आई मी शाळेत असतानाच गेली. शिवलेली मिळते म्हणून माझ्या मुलीने नऊवारी अंगाला लावली तरी. उगाच आज्या काढू नका.

वाईची लेक:
बरं बाई, मुलींना माफ. सिनेमावाल्यांना नाही. नेसवायला जाणत्या बायका ठेवण्याइतका पैसा त्यांच्याकडे असतो.

थर्ड बेल:
साडीवरून इतकं भांडताय, पण खरा प्रश्न दोघी एकत्र का नाचतात हा आहे. याच दिग्दर्शकाने, भन्साळींनी, २००२च्या ‘देवदास’मध्ये पारो-चंद्रमुखीला असंच एकत्र नाचवलं होतं. शरच्चंद्रांच्या कादंबरीत त्या दोघी भेटतसुद्धा नाहीत. बिमल रॉयनी १९५५मध्ये त्यांना रस्त्यात समोरासमोर आणलं, नुसतं एकमेकींकडे बघायला लावलं, एक शब्द नाही. तिथे कॅमेरा कादंबरीची अदब राखतो. भन्साळींना सेट सजवला की तो भरायला नाच लागतो, आणि नाचासाठी दोन बायकांमधलं अंतरच पुसावं लागतं. भव्यतेची किंमत ही आहे.

फ्रेमवेडा:
हा मुद्दा जड आहे, नाकारत नाही. पण माझ्या मुलाने तो सिनेमा बघून ‘राऊ’ मागितली आणि आठवड्यात संपवली. मराठी पुस्तक हातात न धरणारा मुलगा! तुमच्या मेणबत्त्यांनी हे झालं असतं?

माजघर:
नसतं झालं कदाचित. पण पुस्तक संपल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर वाडा कसा होता, ते त्याला विचारा आणि इथे लिहा.