जलरंगातली जुनी वास्तू: आधी रेघ की आधी छाया?

ओलाकागद
जुन्या वास्तूंची बरीचशी जलरंगचित्रं पाहताना वाटतं, एकेक दगड मोजून काढलाय आणि मग रंग भरलाय. सगळं बिनचूक, पण उजेडाचा पत्ता नाही. माझं ठाम मत, पेन्सिलीचं काम पाच-सात रेघांत आटपावं. पहिला हलका वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, पूर्ण वाळू द्यावा. मग कमानीतली, खांबामागची, छज्ज्याखालची छाया एकाच दमात, ब्रश न उचलता. निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना कागदावरच मिसळले की निळ्याचे कण खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपसूक येतो. रेघेने तो येत नाही.

लंबरेषा
अजिबात पटलं नाही. छाया एका दमात टाकायची तर ती कुठे पडते ते आधी कळायला हवं ना? कमानीचा मध्य जरा सरकला की वरून कितीही सुंदर वॉश द्या, भिंत कलंडलेलीच दिसते. धूसरपणासाठी सगळे टर्नर या इंग्रज चित्रकाराचा दाखला देतात. पण तो स्वतः लहान वयात थॉमस माल्टन या वास्तुचित्रकाराकडे शिकला आणि १८०७ ते १८३७ लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याच्या शास्त्राचा, प्राध्यापक होता.

शिवाय वास्तू कायम राहत नाही. १८४५ साली इंग्रज कलासमीक्षक रस्किन व्हेनिसमधला का' दोरो हा वाडा रंगवत होता, तेव्हा डोळ्यांदेखत दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर हातोडे पडत होते. पाच-सात रेघांत त्या नक्षीचं काय उरलं असतं?

ओलाकागद
रस्किनचीच वास्तुचित्रं नीट बघा. कितीतरी अर्धवट सोडलेली आहेत. जीव अडकला तिथे बारीक नक्षी, बाकी कागद कोरा. आणि नोंदीसाठी त्याने त्याच साली व्हेनिसची डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची सुरुवातीच्या काळातली, छायाचित्रंही विकत घेतली होती. ते काम कॅमेऱ्याला करू द्या.

थेंब
मी लंबरेषा यांच्या बाजूची, पण रेखाटन चांगल्या कागदावर करू नका. एका घुमटावर मी तीन दिवस खोडत बसले. ३०० ग्रॅमचा कागद, तरी खोडरबराने वरचा थर उखडला आणि वॉश दिल्यावर नेमका उजेडाच्या बाजूला काळपट डाग उमटला. फार वाईट वाटलं. आता चुका साध्या कागदावर करते, त्याच्या पाठीवर पेन्सिल घासते आणि नक्की झालेल्या रेषाच उतरवते.

लंबरेषा
थेंब, ही पद्धत मान्य. ओलाकागद, कॅमेरा वर करून मनोरा टिपला की उभ्या भिंती आत कलतात, आणि फोटोवरून रंगवणारे तो कल तसाच उतरवतात. तो ओळखायलाही पर्स्पेक्टिव्ह यावं लागतं. पाच-सात रेघा मला अजूनही मान्य नाहीत.