मदत हवी आहे: लॅम्प्रेचं (जबडा नसलेल्या, सापासारख्या लांबट माशाचं) पिल्लू नेमकं कोणतं?

मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यात, काठाजवळचा मऊ गाळ उपसताना बोटभर लांबीची गांडुळासारखी तीन पिल्लं निघाली. डोळे दिसत नाहीत, दात नाहीत, तोंडावर घोड्याच्या नालेसारखी झडप, मानेशी दोन्ही बाजूंना सात-सात भोकं. म्हणजे लॅम्प्रेच, ईल (वाम मासा) नाही. पाठीवर पर दोन आहेत, त्यामुळे अखंड पराच्या नॉर्दर्न ब्रुक लॅम्प्रेसारख्या जाती बाद. उरले उपद्रवी सी लॅम्प्रे आणि इथलेच निरुपद्रवी अमेरिकन ब्रुक.

फोटो काढून परत सोडली. बघता बघता गाळात गडप! पुन्हा मिळतील, पण मारायची नाहीत. सूक्ष्मदर्शक नाही, साधं भिंग आहे. शेपटीच्या परावरच्या काळपटपणावरून फरक कळतो म्हणे. जिवंत पिल्लात तो नेमका कुठे नि कसा बघायचा?