मांडवावरचा दुधी बोटाएवढा होऊन गळतोय

माजघर_चिपळूण:
नमस्कार मंडळी. मागीलदारी बांबूचा मांडव घालून दुधीचे दोन वेल सोडलेत. बी सासूबाईंचं. गेल्या वर्षीचा एक दुधी त्यांनी खास बियाण्यासाठी राखून माजघरात टांगला होता. मृगात लावलं, शेणखत चांगलं चार घमेली घातलं, आता पाल्यानं मांडव दिसत नाही. आधी नुसती नरफुलं यायची, गेले दहा-बारा दिवस मागे इवलासा दुधी असलेलीही येतायत. पण बोटाएवढा झाला की टोकाकडून पिवळा पडतो, मऊ होतो आणि खाली. काल सकाळी मांडवाखाली सात वेचले. शेजारी औषध मारायला सांगतात, पण मला घरच्या भाजीवर ते मारायचं नाही. सासूबाई रोज विचारतात, "धरला का गं एखादा?" काय करू?

पाटाचं_पाणी:
ताई, औषध राहू द्या. आधी ते सातही उभे चिरा आणि आत काय आहे ते सांगा. पुढचं सगळं त्यावर आहे.

माजघर_चिपळूण:
चिरले. पाच आतून स्वच्छ, बी धरलेलंच नाही. दोघांत पांढऱ्या बारीक अळ्या निघाल्या. ताटलीत ठेवल्या तर चक्क उड्या मारतात! त्या दोघांच्या सालीवर डिंकाचा वाळलेला थेंब होता, तो आधी लक्षातच आला नव्हता.

पाटाचं_पाणी:
म्हणजे दुखणी दोन आहेत.

पाच गळाले ते परागीभवन न झाल्यामुळे. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मान टाकतं. परागकण नेण्याचं काम रात्री पतंग करतात. तुमच्याकडे श्रावणात रात्रभर पाऊस, पतंग फिरणार कधी? हे काम तुम्हीच करा. दिवेलागणीला ताजं उमललेलं नरफूल तोडा (लांब बारीक देठाचं, मागे दुधी नसलेलं), पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं होतात. पाऊस असेल तर वरून छत्री धरायला कुणाला तरी उभं करा. मी आईला उभी करायचो. देठाला रंगीत दोरा बांधला की कुठलं केलं ते कळतं.

उरलेले दोन फळमाशीचे. ती कोवळ्या सालीत भोक पाडून अंडी घालते, डिंक येतो तो तिथूनच. अळी मोठी झाली की मातीत उतरून कोष करते, म्हणून गळालेलं फळ खतखड्ड्यात अजिबात टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. धरलेल्या फळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जुन्या सुती साडीची सैल पिशवी घाला.

कातळावरची_बाग:
सापळा आणणार असाल तर एक सांभाळा. आंब्याला आपण दापोली कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावतो, त्यातल्या मिथिल युजेनॉल या आमिषाला वेलवर्गीय भाज्यांची माशी येत नाही. तिला क्यू ल्यूर लागतं. दुकानात नाव घेऊनच मागा, मी एक अख्खा हंगाम चुकीचा सापळा टांगून घालवला. आणि शेणखत आता बंद. पाला फार झाला की फळाचं मागे पडतं. आडव्या फांद्यांचे शेंडे खुडा, बगलफुटीवर मादीफुलं जास्त येतात.

माजघर_चिपळूण:
आज अकरावा दिवस. पहिल्या संध्याकाळी चार फुलांना लाल दोरा बांधला. सासूबाईच छत्री धरून उभ्या होत्या, पायरीवर बसा म्हटलं तर ऐकेनात. एक पिवळा पडून गळाला, आत अळी नव्हती. एकावर पिशवी घालायच्या आधीच डिंकाचा थेंब दिसला, तो तोडून पिशवीत बांधला. उरलेले दोन वीतभर झालेत, अंगावर पांढरी लव आहे आणि माना खाली झुकल्यात. सासूबाईंनी त्यातला एक बियाण्यासाठी ठेवायचा ठरवलाय. दुसरा परवा काढते, चण्याची डाळ घालून.