जुनी पॉइंटवाली बुलेट ३५०: यवतेश्वर घाटात ठोका, आणि किक कधी उलटी मारेल नेम नाही

सातारकर_बुलेट:
वडिलांची १९८४ ची स्टँडर्ड बुलेट आहे. कधी पहिल्या किकला चालू होते, कधी अशी उलटी मारते की पोटरी सुजते. पोवई नाक्यापर्यंत गुण्यागोविंदानं येते, पण यवतेश्वरचा चढ लागला की इंजिनातून कडकड ठोका. थ्रॉटल सोडला तरी इंजिन पटकन खाली बसत नाही. ठिणगीचे पॉइंट, कंडेन्सर नवे घातले, ठिणगी कधी पडायची ते टायमिंगही लावून घेतलं, पण थोडे दिवस बरी चालते आणि परत तेच. काय बघू?

कराडचा_पव्या:
कॉइल बघा. गरम झाली की मरते.

सांगली_फिटर:
पव्या, कॉइल मेली तर गाडी मिस मारेल, बंद पडेल. उलटी किक म्हणजे पिस्टन वर पोचायच्या बराच आधी ठिणगी पडतेय.

दादा, नुसतं टायमिंग चुकलं असतं तर रोज सारखंच चुकलं असतं. तुमचं कधी बरोबर, कधी चूक. म्हणजे आत काहीतरी अडकतंय. पॉइंटच्या प्लेटखाली ऑटो ॲडव्हान्स आहे, दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडते; वेग उतरला की स्प्रिंगनं त्यांना आत ओढायचं. पॉइंट उघडणारा कॅम बोटानं पिळून सोडा. चटकन मागं आला पाहिजे. रेंगाळला तर चोर तिथंच. वजनं मधेच अडकलेली असताना कुणी टायमिंग लावलं असेल तर तेही खोटं.

आधी ते खोलून पिना साफ करा, ढिली स्प्रिंग बदला. मग पॉइंट पूर्ण उघडल्यावरचा गॅप, ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग सगळ्यात शेवटी, कारण पॉइंट उघडला की ठिणगी पडते; गॅप वाढवला की पॉइंट आधी उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढं सरकतं. आमच्याकडं पोरं नेमका हाच क्रम उलटा करतात, फार जीव तुटतो.

गाडी मधल्या स्टँडवर, टॉप गिअरमध्ये. प्लग काढून भोकात सायकलची तार सोडा. कॉम्प्रेशनला पिस्टन अगदी वर आणा, मग मागचं चाक हातानं उलटं फिरवून पिस्टन बराच खाली न्या आणि सुलटं फिरवत, अगदी वर पोचायला ०.८ मिमी राहील तिथं थांबा, म्हणजे गिअरचा ढिलेपणा निघतो. वजनं मिटलेली हवीत. पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरा. तो सुटेल त्या क्षणाला प्लेट आवळा. किल्ली चालू असेल तर अँपिअर मीटरचा काटाही तेव्हाच मधे येतो.

सातारकर_बुलेट:
काका, खोललं. एका वजनाची पिन गंजून तांबडी झालेली, एक स्प्रिंग पार लोंबतेय. कॅम पिळला तर तिथंच राहतो. जोडी मागवली. कॅमला ग्रीस किती लावू?

सांगली_फिटर:
नखावर मावेल एवढंच. जास्त झालं तर पॉइंटवर उडतं आणि ठिणगी मरते. नव्या पॉइंटची कॅमवर घासणारी टाच सुरुवातीला झिजते, गॅप मिटतो आणि टायमिंग मागं पडतं, म्हणून पाचेकशे किलोमीटरनं फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) परत घाला. तोवर घाटात टॉप गिअरला ओढू नका.