१९६८ शेव्हरले सी-१० पिकअप: पुढचं सस्पेन्शन आणि स्टीअरिंग, सल्ला हवा

मिरजकर_टेक्सास
नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी इथल्या एका वयस्कर शेतकऱ्याकडून १९६८ ची सी-१० घेतली. लांब हौद्याची, सहा सिलिंडरचं २५० इंजिन. इंजिन, बॉडी उत्तम. पण साधं स्टीअरिंग इतकं जड आहे की पार्किंगमध्ये माझ्या बायकोला ते वळवताच येत नाही. ६० मैलांच्या वेगाला गाडी रस्ताभर भरकटते, हात क्षणभर सैल सोडता येत नाही. पुढे ड्रम ब्रेक आहेत, जोरात दाबले की गाडी डावीकडे ओढते.
एका गॅरेजवाल्याने सांगितलं, पुढचं सगळं कापून टाका आणि मस्टँग टू पद्धतीचं सस्पेन्शन नि रॅक (दातेरी पट्टीचं स्टीअरिंग) बसवा. खर्च ऐकून घरी परतलो. पुढच्या वर्षी मुलगी सोळाची होतेय, तिला याच गाडीवर शिकवायचं मनात आहे. कुठून सुरुवात करू?

स्पॅनर_अण्णा
मिरजकर, चासी कापायची घाई अजिबात करू नका. मस्टँग टू हा १९७४ ते ७८ मधल्या फोर्डच्या छोट्या कारचा सांगाडा. पुढे सरळ अॅक्सल आणि पाटे असलेल्या जुन्या गाड्यांसाठी लोक तो वापरतात, आणि तिथे त्याला अर्थही आहे. तुमच्या गाडीत मुळातच दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, वर-खाली आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. रचना चांगली आहे, साठ वर्षांत झिजलेली असणार एवढंच.
आधी झीज शोधा. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. कुणालातरी स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खाली आडवं पडून एकेक सांधा बघा. पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्समधून निघणारा), मधला दांडा, आयडलर आर्म (त्या दांड्याचं दुसरं टोक धरणारा), टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) टोकं. सांध्यावर बोट ठेवलं की प्ले (ढिलेपणा) लगेच जाणवतो. रबराच्या टोपीशेजारी तांबूस पूड दिसली तर तो सांधा कोरडा चाललाय. आयडलर आर्मकडे नीट बघा, भरकटण्याचं मूळ बरेचदा तिथे असतं.
मग जॅक खालच्या आर्मखाली लावा, चासीखाली नको. स्प्रिंग त्या आर्मवर बसते, त्यामुळे तिथून उचललं तरच बॉल जॉइंटवरचा (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्यावरचा) ताण जातो आणि त्याचा प्ले कळतो. चाक वरून नि खालून धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. पहिल्यात बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बोलतं, दुसऱ्यात टाय रॉड. स्टीअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो तिथली चासी वायर ब्रशने घासून तडा आहे का तेही बघाच.
आणि एक कळकळीची विनंती: बॉल जॉइंट किंवा बुश (आर्मच्या मुळाशी असलेलं रबर) बदलताना स्प्रिंग दाबलेली असते. तिला साखळीने चासीला बांधल्याशिवाय आणि आर्मखाली जॅक ठेवल्याशिवाय एकही नट पूर्ण काढू नका. सुटलेली स्प्रिंग जीव घेते.

पाटेवाला५४
अण्णांशी सहमत. माझी १९५४ ची ३१०० (शेव्हरलेचीच जुनी पिकअप) आहे, तिला पुढे सरळ अॅक्सल आणि किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खीळ). तिच्यात मी मस्टँग टू बसवलं आणि ते योग्यच होतं. पण वेल्डिंगचा माणूस पक्का हवा. माझं पहिलं काम एका गॅरेजने केलं, तेव्हा रॅक दीड बोट वर बसला. खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप वळायची. रॅकच्या टोकांचे सांधे आणि खालच्या आर्मचे सांधे एका रेषेत नसले की हेच होतं. सगळं सोडवून पुन्हा करावं लागलं. तुमच्या मूळ दांड्यांत ही भूमिती कारखान्यातच जुळवलेली आहे, ती मोडू नका.

डेट्रॉइटचा_सुहास
ब्रेकबद्दल सांगतो. सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून आले, आणि त्याच वर्षी चाकाचे सहा बोल्ट जाऊन पाच झाले. म्हणून ७१ नंतरचे भाग जसेच्या तसे लावले तर पुढे पाच, मागे सहा अशी गाडी होईल आणि स्टेपनी एकाच टोकाला चालेल. सहा बोल्टच्या डिस्कची किट मिळतात, ती मागा. ७३ ते ८७ चा अख्खा क्रॉसमेंबरही (सस्पेन्शन धरणारा पुढचा आडवा बीम) या चासीला बसतो. पण तुमचा सांगाडा धड असेल तर तेवढं कशाला? डिस्क लावली की मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (पुढे-मागे दाब वाटून देणारा) बदला, नाहीतर पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ बसत नाही.

मिरजकर_टेक्सास
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी मुलीला स्टीअरिंगवर बसवलं आणि मी खाली. अण्णा म्हणाले तसंच, आयडलर आर्म चांगला अर्धा इंच वर-खाली होत होता, दांडा हलायच्या आधी! उजवीकडचा खालचा बॉल जॉइंटही गेलाय. डावीकडच्या ब्रेकचं काय ते ड्रम उघडल्यावर कळेल. चासीला तडा नाही.
आता सगळे सांधे आणि बुश आधी, मग डिस्क, असं ठरवतोय. पॉवर स्टीअरिंग कधी करू? आणि अलाइनमेंटला काय सांगू?

स्पॅनर_अण्णा
छान, मुलीलाही आतापासून खालून गाडी दाखवा.
पॉवर स्टीअरिंग शेवटी, पण कराच, घरातल्या सगळ्यांना चालवायची आहे. सी-१० चाच पॉवर बॉक्स घ्या, त्याचाच पिटमन आर्म घ्या. तुमच्या इंजिनाला बसणारा पंप आणि ब्रॅकेट आधी मिळवा, सहा सिलिंडरचे ब्रॅकेट शोधायला वेळ लागतो. कॉलम (स्टीअरिंगच्या चाकाचा दांडा) आणि बॉक्समधलं अंतर बदलतं, ते मोजूनच जोड मागवा. बॉक्स रिबिल्ट घेतलात तर वरच्या स्क्रूने प्ले कमी करायच्या मोहात पडू नका, जास्त आवळला की चाक सरळ परतत नाही.
अलाइनमेंटवाल्याला जुन्या पुस्तकातला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) ठेवू देऊ नका. ते आकडे त्या काळच्या टायरसाठी होते. रेडियल टायर आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर ३ ते ४ अंश पॉझिटिव्ह मागा, शिमने (आर्मखाली घालायच्या पातळ पत्र्यांनी) जेवढा मिळेल तेवढा. वरचा बॉल जॉइंट मागे गेला की चाक आपसूक सरळ राहू पाहतं. मूळ आर्मने तेवढा मिळाला नाही तरच बाजारातले वरचे आर्म बघा. टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली असणं) १/८ इंच पुरे. आणि हे सगळं बुश बदलून झाल्यावर, गाडी चाकांवर थोडी फिरवून बसल्यावर.

मिरजकर_टेक्सास
आयडलर आर्म आणि बॉल जॉइंट आजच मागवले. साखळीही आणली.