राजदूताने जाहीर बोलावे, की बंद दाराआड?

प्रश्न (सातपुडा) :
झांबियातील कपिरी म्पोशी येथे एका लॉजच्या कर्मचाऱ्याने खिडकीतून दोन पुरुषांना एकत्र पाहिले आणि तेथून उभ्या राहिलेल्या खटल्यात नोव्हेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांबद्दल दोघांना १५ वर्षांची कैद सुनावली. या शिक्षेने आपण हादरून गेलो, असे अमेरिकेचे राजदूत डॅनियल फूट यांनी जाहीरपणे म्हटले. त्यावर एवढे काहूर उठले की धमक्यांमुळे त्यांना जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमाला जाणेही टाळावे लागले. ‘हा माणूस आम्हाला नको’ अशी भूमिका अध्यक्ष एडगर लुंगू यांनी घेतली आणि डिसेंबर सरण्यापूर्वी फूट यांना माघारी बोलावण्यात आले. पुढे २५ मे २०२० रोजी लुंगू यांनी सुमारे ३,००० कैद्यांना माफी दिली, त्यांत हे दोघेही होते. मी स्वतः समलिंगी आहे आणि अशा संबंधांना गुन्हा ठरवणारे आपले कलम ३७७ लागू असतानाच लहानाचा मोठा झालो, त्यामुळे आपल्या बाजूने कोणी मोठ्याने बोलले की केवढा आधार वाटतो, हे मी जाणतो. तरीही विचारावेसे वाटते : अशा बोलण्याने तुरुंगातल्या माणसाचे भले होते, की त्याच्यावरचा राग वाढतो?

उत्तर (इंद्रायणीकाठ) :
फूट यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण मलावीचे उदाहरणही पाहावे. तेथे साखरपुडा केल्यामुळे पकडलेल्या एका जोडप्याला मे २०१०मध्ये १४ वर्षांची सक्तमजुरी झाली. परदेशांतून निषेध होतच होता, मात्र संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून स्वतः जाऊन अध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांना भेटले आणि २९ मे रोजी अध्यक्षांनी त्यांच्या उपस्थितीत माफी जाहीर केली. या जोडप्याने आपल्या संस्कृतीविरुद्ध आणि धर्माविरुद्ध गुन्हा केला आहे, असे बजावून मुथारिका यांनी केवळ माणुसकीच्या नात्याने ती दिली. ते शब्द बोचतात. परंतु मान राखून मागे सरकायला वाट मिळाल्याने दोन माणसे तुरुंगाबाहेर आली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

उत्तर (रानवाट) :
बोलण्याइतकाच पैशाचाही प्रश्न आहे. २०११मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी समलिंगी हक्कांशी आर्थिक मदतीची सांगड घालण्याची भाषा केली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक कार्यकर्त्यांनीच एकत्रित निवेदन काढून तिला विरोध केला. निधी आटला की ज्या दवाखान्यातून एचआयव्हीची औषधे मिळतात तो समलिंगी रुग्णांसाठीही बंद होतो, आणि वर शेजारपाजारचे लोक ‘तुमच्यामुळेच झाले’ म्हणून त्यांच्याकडेच बोट दाखवतात. म्हणून वकिलातीने तोंड उघडण्याआधी तिथल्या कार्यकर्त्यांना विचारावे, आणि ते थांबा म्हणाले तर थांबावे.

सातपुडा :
हे पटले. पण ते बोला म्हणाले, तर मागे हटू नये, एवढे मी जोडेन.

उत्तर (अबोली) :
हे सारे ‘पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणून झटकले जाते, म्हणून सांगते : लैंगिक कल आणि लिंगओळख या विषयावरचा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेतील पहिला ठराव दक्षिण आफ्रिकेने मांडला होता आणि १७ जून २०११ रोजी तो २३ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला. उलट झांबियातले कलम आपल्या ३७७सारखेच इंग्रजांच्या अमलातून आलेले आहे. आपल्या सरकारचे वागणे मला जास्त खुपते. २०१६मध्ये याच विषयासाठी परिषदेचा स्वतंत्र तज्ज्ञ नेमताना भारत तटस्थ राहिला आणि ३७७चा निवाडा सर्वोच्च न्यायालयात व्हायचा आहे, असे कारण दिले गेले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी निवाडा झाला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. तरी जुलै २०१९मध्ये त्या तज्ज्ञाच्या मुदतवाढीवर मत द्यायची वेळ आली, तेव्हा भारत पुन्हा तटस्थच राहिला. अमेरिकेच्या राजदूताने काय करावे याआधी मला आपल्या परराष्ट्र खात्याकडून या मताचे कारण ऐकायचे आहे.