जंगलात गेलं तरी राजकारण सुटत नाही
काही जण म्हणतात, तरुणांनी निसर्ग शिबिरात मन शांत करावं, राजकारण नको. मला हे अजिबात पटत नाही. निदान गडचिरोलीत तरी नाही.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत. वेळ लागतो, पण हरलेला गट उरत नाही. गावात अभ्यासगट चालतात, त्यात बाहेरची माणसंही बसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक पास, म्हणजे माल बाहेर नेण्याचा परवाना, वनखात्याकडे! हे पास देण्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं.

शिबिरातल्या पोरांना मे महिन्यात तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, हंगामात न्या. पहाटे पानं तोडायची, मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. बोटं काळी पडतात. शेजारी बसलेल्या बाईला दर कोण ठरवतं ते विचारा. मग रात्रीच्या चर्चेला विषय शोधावा लागणार नाही. मात्र ग्रामसभेला आधी विचारून, तिच्या सोयीने जा.